लेकीला पोलिओ झाला आणि आईनं मुंबईत शेकडो मुलांसाठी दार उघडलं : फातिमा इस्माईल यांची गोष्ट

पनवेलजवळच्या कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी घरं आहेत. 2016 मध्ये सोडत निघाली. पण कामगार राहायला यायच्या आधीच कोरोना आला आणि याच इमारतींत विलगीकरण केंद्र सुरू झालं. तेव्हा आपण सगळे रोज दोनच आकडे बघत होतो, नवे पेशंट किती आणि बरे किती झाले. पण साथीतून जीव वाचला आणि अंगातली ताकदच गेली, तर त्या माणसाला बरं झालेल्यांत धरायचं का?

मुंबईत हा प्रश्न एका आईसमोर 1940च्या दशकातच उभा राहिला होता.

फातिमा इस्माईल यांचा जन्म 1903 चा. त्यांचे भाऊ उमर सोबानी हे मुंबईतले मोठे गिरणी मालक आणि गांधीजींचे सहकारी. 1921 मध्ये परदेशी कपड्यांची प्रसिद्ध होळी झाली ती परळला, त्यांच्याच गिरणीच्या आवारात. गिरणी मालकानं परदेशी कापड जाळायला जागा दिली, यावरून घरातलं वातावरण कळतं. पुढे फातिमाही महिला परिषदेच्या कामात उतरल्या.

मग त्यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या पेशींवर हल्ला करतो. स्नायूंना हुकूम पोहोचत नाही आणि ते लुळे पडतात. तेव्हा लसही नव्हती आणि मेलेल्या पेशी जिवंत करणारं औषध तर आजही नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पालकांना एकच उत्तर मिळायचं, आता काही होणार नाही.

फातिमा यांनी ते मानलं नाही. त्या मुलीला घेऊन मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. नंतर पुण्याला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी तिथं लष्कराचं पुनर्वसन केंद्र होतं. शेक, मालिश, रोजचा व्यायाम, आधाराच्या पट्ट्या. यात जादू काहीच नाही. उरलेल्या स्नायूंना कामाला लावायचं आणि सांधे आखडू द्यायचे नाहीत, एवढंच. मात्र त्यात खंड पडून चालत नाही. आखडलेला सांधा पुन्हा सरळ करायला कधी कधी ऑपरेशनच लागतं. (लॉकडाऊनमध्ये फिजिओथेरपी बंद पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे वेगळं सांगायला नको.)

सैनिकाला जे मिळतं ते साध्या घरातल्या पोराला का नाही, या विचारातून त्यांनी 1947 मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीनं मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. त्यांचं काम होतं जागा मिळवणं, पैसे उभे करणं, सरकारच्या मागे लागणं. खरं तर तेच जास्त कठीण. या कामातून संस्था उभी राहिली आणि हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. 1955 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्थाही त्याच परिसरात आहे. 1958 मध्ये फातिमा यांना पद्मश्री मिळाली. 1978 मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

1987 मध्ये त्यांचं निधन झालं. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा पेशंट 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. ते बघायला त्या नव्हत्या.

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो की आपत्तीच्या काळात दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे. कोरोनात मात्र अनेक घरांत ते व्हिडिओ कॉलवरच्या व्यायामापुरतं उरलं, तेही घरात स्मार्टफोन असेल तर.

हाजी अलीच्या त्या जागेवर आज नवं बाल रुग्णालय आहे. पाटीवर एसआरसीसी ही अक्षरं अजून दिसतात. ती फातिमा यांच्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. त्यातला आर म्हणजे रिहॅबिलिटेशन, पुनर्वसन.