वाचकांनी तक्रार केली, आणि संपादकानं घरामागच्या अंगणात ट्रेलरच बांधला

वेरूळ बघायचं, तिथून अजिंठा गाठायचं आणि रात्री लॉज शोधत फिरायचं नाही. गाडीच्या मागं जोडलेल्या चिमुकल्या खोलीचं दार उघडायचं, चहा टाकायचा, पाय पसरायचे. असे रील्स बघून छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्याच्याही डोक्यात किडा वळवळतोच. वाळूजला वेल्डिंगवाले आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत, मग आपणच का बनवू नये?

जवळपास शंभर वर्षांपूर्वी हाच किडा अमेरिकेत एका माणसाला चावला होता. नाव वॉली बायम. गडी ना इंजिनिअर होता, ना सुतार.

बायमचा जन्म ४ जुलै १८९६ चा, ओरेगन राज्यातल्या बेकर सिटीचा. पोरवयात तो मेंढ्या राखायचा. आपल्याकडं धनगरांचा संसार घोड्याच्या पाठीवर असतो, बायमचा होता गाढवाच्या दोनचाकी गाड्यात. रॉकेलचा स्टोव्ह, पाणी, एक बादली आणि अंथरूण. बस्स. लहान वयात आईवडील गेले, मग काही वर्षं जहाजावर नोकरी, नंतर स्टॅनफर्डमधून पदवी. पुढं लॉस एंजेलिसला येऊन जाहिराती लिहिल्या आणि स्वतःची मासिकं काढली.

त्यातल्या एका मासिकात घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा याचा आराखडा छापून आला. वाचकांनी तो बघून काम सुरू केलं आणि तक्रारी येऊ लागल्या. आराखडा जमत नव्हता. तपासल्यावर बायमला कळलं की वाचकांचं खरं आहे, छापलेलाच आराखडा चुकीचा आहे. लोकांनी पैसे घालून लाकूड कापलं होतं, माफीनामा छापून ते परत येणार नव्हतं. म्हणून बायमनं स्वतःच हत्यारं हातात घेतली.

घरातूनही रेटा होताच. बायको मॅरियनला भटकंती आवडायची, पण स्वयंपाकघर सोडून यायची तिची तयारी नव्हती. बायमनं आधी फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या चासीवर तंबू उभारला. तो उभारतानाच जीव जायचा, पाऊस आला की विचारूच नका. मग तंबू काढून त्यानं थेंबाच्या आकाराची कायमची खोली बसवली. आत बर्फाची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह.

त्याची खरी करामत मात्र तळात आहे. त्यानं ट्रेलरचा तळ दोन चाकांच्या मधे खाली घेतला आणि छत वर उचललं. त्यामुळं आत माणूस ताठ उभा राहून भाकरी थापू शकेल एवढी जागा झाली. तळ खाली आला की वजनही खाली येतं, वळणावर गाडी कमी डुलते.

वजनाचं गणित नवख्या माणसाला हमखास चकवतं. बैलगाडीत मागं माल जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच आहे. पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस सगळं मागं ठेवलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढतो. म्हणून एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या कपलिंगवर येईल अशी मांडणी करतात. (आपल्याकडं कायद्यानं ट्रेलरही वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते. तेव्हा वेल्डिंगवाल्याकडं जायच्या आधी आरटीओत चौकशी केलेली बरी.)

बायमनं शंभर डॉलरच्या आत ट्रेलर कसा बांधायचा यावर लेख लिहिला आणि सुधारलेला आराखडा एक डॉलरला विकायला काढला. मागणी वाढली. काहींना आराखडा नको होता, तयार ट्रेलरच हवा होता. अंगणातल्या ठोकाठोकीला शेजारी कंटाळले, तेव्हा १९३१ मध्ये त्यानं कल्व्हर सिटीत वर्कशॉप घेतलं. ती ऐन मंदीची वर्षं होती.

१९३६ मध्ये त्याच्या एअरस्ट्रीम कंपनीचा क्लिपर आला. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे विमानासारखे रिव्हेट मारून जोडलेले, चौघांची झोपायची सोय, स्वतःचं पाणी, विजेचे दिवे, किंमत १,२०० डॉलर. हे गोलाईदार रूप बायमच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. ग्लायडर बनवणाऱ्या हॉली बोलसनं ते आधी आणलं होतं, पण त्याचा धंदा बुडाला.

मग महायुद्ध आलं. अ‍ॅल्युमिनियम विमानांकडं वळलं, कारखाना बंद पडला आणि बायम विमान उद्योगात नोकरीला लागला. युद्धानंतर त्यानं पुन्हा सुरुवात केली. ट्रेलर किती हलका आहे हे दाखवायला १९४७ मध्ये एका फ्रेंच सायकलपटूनं तो चक्क सायकलनं ओढला. तो फोटो आजही फिरतो.

१९५१ पासून बायम ग्राहकांचे तांडे घेऊन परदेशात जाऊ लागला. पहिलाच प्रवास मध्य अमेरिकेतला. खराब रस्त्यांवर ट्रेलर मोडले, निघालेल्यांपैकी थोडेच टोकापर्यंत पोहोचले. कुठलं जोड तुटतं हे त्याला तिथं दिसलं आणि पुढच्या ट्रेलरमध्ये बदल झाले. १९५९ मध्ये तो ४१ ट्रेलर घेऊन केपटाऊनहून निघाला आणि आफ्रिका उभी कापत कैरोला पोहोचला.

२२ जुलै १९६२ ला मेंदूच्या ट्यूमरनं त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या ग्राहकांचा तांडा सिंगापूरहून लिस्बनला निघाला, बायमशिवाय.