संत जनाबाई

संत जनाबाई (समाधी : परंपरेनुसार आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, इ.स. १३५०) या वारकरी संप्रदायातील संत कवयित्री होत. परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव व पंढरपूर ही कर्मभूमी. संत नामदेवांच्या घरी त्या आयुष्यभर दासी म्हणून राहिल्या. महाराष्ट्राला असलेली त्यांची ओळख मुख्यत्वे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांतून करून दिलेली आहे.

जीवन

परंपरेनुसार जनाबाईंचा जन्म शूद्र मानल्या गेलेल्या कुळात झाला. वडिलांचे नाव दमा व आईचे नाव करुंड असे सांगितले जाते. लहानपणीच वडिलांनी त्यांना पंढरपूरचे शिंपी दामाशेटी यांच्या स्वाधीन केले. नामदेव हे दामाशेटींचे पुत्र. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे ही कामे करीत असतानाच नामदेवांच्या सहवासात जनाबाईंना भक्तीची व काव्याची वाट सापडली. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, गोरा कुंभार, चोखामेळा आदी संतांचा काळ त्यांनी अनुभवला.

विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला आणि त्यांना सुळावर देण्याचे ठरले; परंतु सुळाचे पाणी झाले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. दासीवर संशय किती सहज घेतला जाई, याची साक्षही या कथेतून मिळते.

अभंगांतील आत्मचित्रण

जनाबाईंच्या नावावरील सुमारे ३५० अभंग 'सकल संत गाथे'त समाविष्ट आहेत. हरिश्चंद्राख्यान, थालीपाक यांसारखी आख्यानेही त्यांच्या नावावर आहेत. तथापि त्यांच्या रचनेचा विशेष स्वतःच्या चित्रणात आहे. जाते, केरसुणी, घागर, गोवऱ्या ही राबणाऱ्या स्त्रीची साधने त्यांच्या काव्याची सामग्री बनली. विठ्ठल त्यांच्यासोबत दळतो, केर भरतो, केस विंचरतो. येथे देवाला कष्टकरी स्त्रीच्या दिनक्रमात उतरावे लागते. आपले काम टाकून तिला देवाकडे जावे लागत नाही.

जन्माने व परिस्थितीने लादलेले दासीपण त्यांनी लपविले नाही. 'नामयाची दासी' व 'दासी जनी' या नाममुद्रांनी त्यांनी तेच आपली स्वाक्षरी केले. एका अभंगात नामदेवांच्या कुटुंबातील चौदा माणसांची नावे सांगून अखेरीस त्या आपले नाव जोडतात. विठ्ठलाला लेकुरवाळा कल्पिलेल्या अभंगात त्याच्या खांद्यावर, मांडीवर, कडेवर एकेका संताला जागा मिळते. जनाबाई मात्र त्या मेळ्यात नसून केवळ नाममुद्रेत, हे दृश्य पाहणारीच्या जागी उभ्या दिसतात.

या नम्रतेसोबत निर्भयताही आहे. पदर ढळला तरी टाळ-वीणा घेऊन भर बाजारात निघालेली स्त्री त्यांनी स्वतःच्याच रूपाने उभी केली आणि लोकनिंदेसाठी वापरला जाणारा शब्दही स्वतःस लावून घेतला. स्त्रीजन्माबद्दल खंत बाळगू नये, असेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. आई-बाप गमावलेल्या मुलीची आर्तता, देवाशी भांडण, प्रसंगी त्याला दिलेल्या शिव्या यांमुळे हे चित्र एकसुरी होत नाही.

प्रभाव

पुढे महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांत 'जनी'ला आपल्यातलीच एक मानले. त्यांच्या दळणाला देवाचा हात लागल्याची कल्पना या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. आधुनिक काळात कवी अरुण कोलटकर यांनी जनाबाईंच्या काही अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले.

पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे जनाबाईंचे स्थान व जाते दाखविले जाते. गंगाखेड येथे गोदावरीच्या परिसरात त्यांचे मंदिर असून वारकऱ्यांच्या दृष्टीने ते श्रद्धास्थान आहे. ज्या गावातून एक मुलगी परक्या घरी राबण्यासाठी पाठविली गेली, ते गाव आज 'संत जनाबाईंचे गंगाखेड' म्हणून ओळखले जाते.