राजनिष्ठ मुद्रकाचे बंड

अमेरिकन राज्यक्रांतीची कारणे सांगा, हा प्रश्न आपल्याकडील विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडविला आहे. स्टँपचा कायदा, चहावरील जकात आणि पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्वाचा अभाव अशी तीन-चार कारणे लिहिली की उत्तर पुरे होते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ज्यांची भाषा इंग्लंडची, कायदा इंग्लंडचा आणि ज्यांना इंग्लंडच्या राजाची प्रजा म्हणवून घेण्यात भूषण वाटत होते, त्यांनीच अवघ्या बारा वर्षांत त्या राजाविरुद्ध शस्त्र का उपसावे, याचा उलगडा या यादीने होत नाही. तो व्हावयाचा असेल तर एखाद्या माणसाचे आयुष्य पाहिले पाहिजे. बेंजामिन फ्रँकलिन हा त्या दृष्टीने फार उपयोगी माणूस आहे. कारण बंडखोरी त्याच्या स्वभावात नव्हती आणि बंडात त्याला गमावण्यासारखे पुष्कळ होते.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या करीत. सतरा अपत्यांपैकी हे पंधरावे. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असता खटके उडाले आणि १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पळून फिलाडेल्फियास आला. तेथे त्याने स्वतःचा छापखाना काढला, वृत्तपत्र चालविले, लोकप्रिय वार्षिक पंचांग काढले आणि १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय स्थापिले. विजेवरील प्रयोगांबद्दल १७५३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. त्याच वर्षी वसाहतींच्या टपालखात्याच्या दोन प्रमुख अधिकाऱ्यांपैकी एक म्हणून त्याची नेमणूक झाली. मेणबत्तीवाल्याचा मुलगा आता राजाचा अधिकारी होता.

साम्राज्यावर त्याची मनापासून श्रद्धा होती. १७५४ मध्ये ऑल्बनी येथे सात वसाहतींचे प्रतिनिधी जमले, तेव्हा सर्व वसाहतींची एक संयुक्त सभा असावी व तिचा प्रमुख राजाने नेमावा, अशी योजना त्याने मांडली. वसाहतींच्या विधिमंडळांना ती आपले अधिकार हिरावणारी वाटली. इंग्लंडमध्येही ती कोणी उचलून धरली नाही. पुढे १७५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा वकील म्हणून तो लंडनला गेला आणि मधली दोनेक वर्षे सोडल्यास १७७५ पर्यंत तेथेच राहिला. १७६२ मध्ये त्याचा मुलगा विल्यम याची न्यू जर्सीचा गव्हर्नर म्हणून राजाने नेमणूक केली. बापलेक दोघेही राजसेवेत होते.

इंग्लंड आणि फ्रान्स यांचे सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले. इंग्लंड विजयी झाले, पण त्याचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले होते. अमेरिकेत फौज ठेवावयाची, तर तिच्या खर्चाचा काही भार वसाहतींनी उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटले. हा युक्तिवाद निव्वळ लबाडीचा नव्हता. वसाहतवाल्यांवरील करांचा बोजा इंग्लंडमधील सामान्य माणसापेक्षा हलकाच होता. परंतु व्हर्जिनियात १६१९ पासून लोकनियुक्त सभा भरत होती, आणि इतर वसाहतींतही स्वतःचे कर स्वतःच्या सभेने बसवावयाचे ही परंपरा मुरली होती. ज्या सभेत आपला एकही माणूस नाही तिने आपल्या खिशात हात घातला, तर आज अल्प घेतलेले उद्या कितीही वाढू शकेल, ही भीती होती. मूळ वाद रकमेचा नव्हता, अधिकाराचा होता.

१७६५ च्या स्टँप कायद्याने वृत्तपत्रे, न्यायालयीन कागद, पंचांगे, इतकेच काय पत्त्यांचे जोडही कराखाली आणले. फ्रँकलिनने विरोध केला; पण कायदा झाल्यावर आता तो मानला पाहिजे, अशा समजुतीने त्याने आपल्याच एका मित्राचे नाव स्टँपवाटपाच्या जागेसाठी सुचविले. वर्षानुवर्षे लंडनमध्ये राहिलेल्या या चाणाक्ष माणसाला आपल्या लोकांची नाडी कळली नाही. फिलाडेल्फियात त्याच्या घरावर जमाव चालून येणार अशी हूल उठली, तेव्हा त्याची पत्नी डेबोरा बंदुका जवळ ठेवून घरात ठाण मांडून बसली. ही बातमी त्याचे डोळे उघडण्यास पुरेशी होती. फेब्रुवारी १७६६ मध्ये कॉमन्स सभेपुढे त्याची साक्ष झाली. शंभराहून अधिक प्रश्नांना उत्तरे देताना त्याने दाखवून दिले की, वसाहतींना आजवर धाकाने नव्हे तर आपुलकीने बांधून ठेवले होते, आणि ती आपुलकी आता आटत चालली आहे. पुढच्याच महिन्यात कायदा रद्द झाला.

पण तो रद्द करतानाच, वसाहतींना सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने दुसऱ्या कायद्याने घोषित केला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. १७६८ मध्ये बोस्टनमध्ये फौज उतरली. ५ मार्च १७७० रोजी त्या फौजेच्या गोळीबारात पाच माणसे मेली. त्याच वर्षी इतर जकाती उठविल्या, चहावरची मात्र ठेवली. ती उत्पन्नासाठी नव्हे, अधिकार दाखविण्यासाठी.

या चहाच्या कथेत आपलाही देश येतो. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता, ईस्ट इंडिया कंपनी डबघाईस आली होती आणि तिच्या लंडनमधील वखारींत चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने एका कायद्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर नियंत्रण आणले, आणि दुसऱ्याने तिला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त होणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या. स्वस्त चहाबरोबर जकातीचे तत्त्वही गळी उतरवले जात आहे, हे लोकांनी ओळखले होते.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची काही खाजगी पत्रे फ्रँकलिनने बोस्टनला पाठविल्याचे उघड झाले. हे कृत्य निर्दोष होते असे म्हणता येणार नाही. २९ जानेवारी १७७४ रोजी त्याला प्रीव्ही कौन्सिलपुढे उभे करण्यात आले. सरकारी वकील वेडरबर्न याने सुमारे तासभर त्याची निर्भर्त्सना केली आणि जमलेले सरदार हसत राहिले. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन एक शब्दही न बोलता उभा होता. लगेच त्याची टपालखात्यातील जागाही गेली. वसाहतींचा अर्ज ऐकण्यासाठी बसलेली सभा अर्जदाराच्या वकिलाचा अपमान करून उठली.

तरीही त्याने लगेच बंड केले नाही. दडपशाहीचे कायदे मागे घेतले जाणार असतील तर फेकलेल्या चहाची किंमत आपण स्वतःच्या हमीवर भरू, असे त्याने सुचवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. मार्च १७७५ मध्ये तो निघाला; घरी पोचण्यापूर्वीच पत्नीचा मृत्यू आणि लेक्सिंग्टनची पहिली चकमक या दोन्ही घटना घडून गेल्या होत्या. १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत तो होता. त्यानंतर फ्रान्सला जाऊन १७७८ मध्ये त्याने जी मैत्री जोडली, तिच्यावाचून युद्ध जिंकणे कठीण होते. १७८३ च्या तहावर त्याची सही आहे. मुलगा विल्यम मात्र राजनिष्ठच राहिला आणि कैदेत पडला. बापलेकांतील दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही.

स्वातंत्र्याची ही भाषा सर्वांना लागू नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. मूळ रहिवाशांच्या जमिनी आणि आफ्रिकन गुलामांचे श्रम यांवर वसाहती उभ्या होत्या. फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. आयुष्याच्या अखेरीस मात्र तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये काँग्रेसला अर्ज करून त्याने त्या प्रथेच्या नाशाची मागणी केली. त्याच वर्षी १७ एप्रिलला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

यॉर्कटाऊन येथे १७८१ मध्ये शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला, आणि हिंदी लोकांना वरिष्ठ जागांपासून दूर ठेवण्याचे धोरण त्याने रूढ केले. अमेरिकेत जे घडले त्याचे मर्म साम्राज्याला उमगले नव्हते. फ्रँकलिनसारखा माणूस वीस वर्षे साम्राज्याच्या दारी आपुलकीने उभा होता. त्याला आत घेऊन समान आसन देण्यास तेरा वसाहतींच्या मानाने फार थोडे मोल पडले असते.