अधिकारवाणी आणि भागाकार

थोर माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानावी काय, हा प्रश्न शाळेच्या वर्गात रोज उभा राहतो आणि बहुधा अनुत्तरितच राहतो. लेओनार्ट ऑयलर यांचे चरित्र हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

१७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलाने आपलाच मार्ग धरावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली यांनी त्याची गणितातील गती ओळखली. १७२७ मध्ये ऑयलर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेले. तेथे गोल्डबाख यांनी त्यांचे लक्ष फेर्मा यांच्या एका विधानाकडे वेधले. २ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळविला, तर येणारी प्रत्येक संख्या मूळ असते, असे ते विधान होते. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. सिद्धता मात्र खुद्द फेर्मा यांनाही देता आली नव्हती. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहाव्या संख्येला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ला, ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखविले, आणि ते विधान कोसळले. या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्यांत ६४१ ही केवळ पाचवी आहे. वाट ठाऊक असली की डोंगर ठेंगणा होतो, तो असा.

१७३८ च्या सुमारास त्यांचा उजवा डोळा गेला. बर्लिनमधील पंचवीस वर्षांनंतर १७६६ मध्ये ते रशियात परतले, तो डाव्या डोळ्यालाही मोतीबिंदूने ग्रासले. १७७१ मध्ये राहते घर जळाले. तरीही १७७२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे. तिच्या विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे ४६,३३९ पर्यंतचे मोजके भागाकार पुरेसे ठरले. जवळजवळ शतकभर याहून मोठी मूळ संख्या कोणास ज्ञात नव्हती. मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ हा घात होता. त्या यादीतील ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले; हा मात्र कसोटीस उतरला.

एका थोराचे म्हणणे त्यांनी खोडले, दुसऱ्याचे उचलून धरले. दोन्ही वेळी नावाकडे पाहिले नाही. निकष एकच, भागाकाराचा. १७८३ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर अंध अवस्थेतही मुले व सहायक यांच्याकरवी लेखन चालूच होते.

आपल्या वर्गात मात्र सूत्र पाठ होते आणि पडताळा राहून जातो. विद्यार्थ्याने 'हे कशावरून?' असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. ज्ञानाची वाट त्याच प्रश्नापासून सुरू होते.