प्रेमचंद रायचंद : एका दिवाळ्याची कथा

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रात पाहिला असेल. २८० फूट उंचीचा हा मनोरा ज्यांच्या पैशातून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांचे नाव मात्र आज फारसे कोणी घेत नाही. एके काळी या माणसाच्या एका शब्दावर मुंबईचा बाजार चढत असे आणि उतरत असे. दानशूर म्हणून त्यांची कीर्ती झाली, आणि मुंबईच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या आर्थिक कोसळीशीही त्यांचेच नाव जोडले गेले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच त्यांचे चरित्र वाचताना मनात एक प्रश्न उभा राहतो : बडा माणूस बुडाला तर कायदा त्याच्याशी कसा वागतो, आणि लहान माणूस बुडाला तर कसा?

प्रेमचंदांचा जन्म १८३१ च्या सुमारास सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद हे व्यापारी. ते नशीब काढण्यासाठी मुंबईस आले. मुलाला त्यांनी इंग्रजी शिक्षण दिले आणि त्या शिक्षणाने प्रेमचंदांचे आयुष्य पालटले. १८४९ च्या सुमारास ते दलालीच्या धंद्यात शिरले. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे ते पहिले देशी शेअरदलाल मानले जातात. साहेबाशी साहेबाच्या भाषेत आणि पेढीवाल्याशी पेढीवाल्याच्या भाषेत बोलणारा हा तरुण थोड्याच वर्षांत बाजाराचा आधार बनला. घराण्याची मोठी गादी पाठीशी नसताना केवळ बुद्धी, पाठांतर आणि मेहनत यांच्या बळावर त्यांनी हे साधले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मग १८६१ साली सात समुद्रांपलीकडे एक युद्ध पेटले. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी सुरू झाली. दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. युद्धाच्या चार वर्षांत मुंबईने नेहमीच्या उत्पन्नाहून ७ ते ८ कोटी पौंड अधिक मिळवले असा अंदाज आहे. एवढा पैसा शहरात आला आणि त्याला जायला वाट उरली नाही. मग नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. वकील, कारकून, दुकानदार सगळेच कागद घेऊन धावू लागले. या साऱ्या धावपळीच्या मध्यभागी प्रेमचंद शेठ होते. कोणत्या कंपनीचे शेअर कोणाला मिळावेत हे बऱ्याच वेळा त्यांच्या शब्दावर ठरत असे.

हा खेळ खऱ्या पैशावर चालला असता तर गोष्ट वेगळी होती. तो चालला कर्जावर. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झालेली प्रतिष्ठित बँक. सरकार तिचे भागीदार होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारी माणसे बसत. १८६३ च्या दहाव्या कायद्याने या बँकेवरील जुनी बंधने सैल झाली व शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. बँकेच्या कारभारावर प्रेमचंदांचे वजन होते. त्यांना आणि त्यांच्या शिफारशीने इतरांना मोठमोठी कर्जे मिळू लागली. ज्या शेअरांचा भाव कर्जामुळे चढला होता, तेच शेअर पुन्हा नव्या कर्जाला तारण म्हणून ठेवले जात. काही वेळा तर नुसत्या सहीवर पैसे दिले गेले. घराच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात आणि पायाच नसावा, तशी ही रचना होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि अमेरिकेतील युद्ध संपत आले. ती बातमी येताच मुंबईत कापूस कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजी पुरा करायचा होता. त्या दिवशी देणारे पुष्कळ निघाले, पण देण्यासाठी पैसा कोणाकडेच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांवर आला. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली आणि उरलासुरला धीरही गेला. प्रेमचंदांचा डोलारा कोसळला. १८६८ च्या आरंभी बँक ऑफ बॉम्बे मोडीत काढावी लागली. सुमारे २ कोटी ९ लाखांच्या भांडवलापैकी जवळजवळ १ कोटी ८९ लाख रुपये बुडाले होते.

आता कायद्याने काय केले ते पाहू. बड्या देणेकऱ्यांची संख्या इतकी वाढली की सरकारने १८६५ सालीच अठ्ठाविसावा कायदा खास करून घेतला. देणेकरी आणि धनको यांच्या संमतीने मालमत्ता विश्वस्तांकडे द्यावी आणि निकाल लावावा, अशी त्यात सोय होती. बँकेच्या बाबतीत १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने साक्षी घेतल्या आणि १८६९ मध्ये अहवाल दिला. कायद्यातील सैलपणा, चिटणिसांचा दुबळेपणा, संचालकांची बेफिकिरी, काळाचा वेडेपणा अशी कारणे त्यात आली. प्रेमचंदांच्या प्रभावाचाही उल्लेख आला. पण त्यामुळे प्रेमचंद तुरुंगात गेले नाहीत. ज्या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत हे घडले, ते सर बार्टल फ्रिअर विलायतेत इंडिया कौन्सिलचे सभासद झाले. बुडालेल्या बँकेच्या जागी त्याच नावाची नवी बँक निघाली. ज्यांची आयुष्याची पुंजी गेली, त्यांच्या हाती अहवाल आला.

योगायोग असा की, ज्या १८६९ साली हा अहवाल आला, त्याच वर्षी १ मार्चला विद्यापीठाच्या ग्रंथालयाची व मनोऱ्याची कोनशिला बसली. त्यासाठी प्रेमचंदांनी १८६४ सालीच दोन वेळा दोन-दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले. तेथील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे सर आशुतोष मुखर्जींसारख्या विद्वानांना मिळाली. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. तोवर लोक १ जुलैची आठवण विसरू लागले होते.

मित्रहो, आता याच कापसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मुंबईच्या व्यापाऱ्याने शहरातल्या सावकाराला पैसा दिला, त्याने गावच्या सावकाराला दिला आणि गावच्या सावकाराने तो शेतकऱ्याला दिला. तेजीच्या काळात दख्खनच्या काही गावांत कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळत होती. भाव पडताच हा प्रवाह उलटा फिरला. सगळ्यांत शेवटी उभा असलेल्या शेतकऱ्याकडे सगळ्यांचा तगादा आला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. जुना कागद मुदतबाह्य होऊ नये म्हणून दर तीन वर्षांनी नवा कागद लिहून घ्यायचा आणि त्यात व्याजाचे मुद्दल करायचे, ही सावकारांची रीत पडली. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कोणत्या आकड्याखाली उठतो हे त्याला कसे कळणार? कोर्टात दावा लागे, शेतकरी हजर नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. हुकूमनाम्याचे पैसे दिले नाहीत तर त्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत असे. त्याच्यासाठी आयोग बसला नाही, खास कायदा झाला नाही, विश्वस्तही नेमले गेले नाहीत.

अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी बाजारात जमले आणि त्यांनी सावकारांचे कागद जाळले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसांवर हात फारसा पडला नाही. राग होता तो कागदांवर. पण या वेळी कायद्याला उशीर झाला नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. त्यानंतर दोन महिन्यांतच, जुलै १८७५ मध्ये, मुंबईत शेअरदलालांची संघटना स्थापन झाली. आजच्या मुंबई शेअरबाजाराचे ते मूळ. तिच्या स्थापनेत प्रेमचंद रायचंद पुढे होते.

एकाच कापसाने बुडवलेली ही दोन माणसे. एक दहा वर्षांत पुन्हा बाजारात मानाने उभा राहिला आणि दुसरा तुरुंगात गेला. यात लाचलुचपतच झाली असेल असे नाही. माझ्या मते दोष त्याहून खोल आहे. बड्याच्या बुडण्याला कायदा व्यापारातील आपत्ती म्हणतो आणि लहानाच्या बुडण्याला लबाडी म्हणतो. बड्याची रक्कम इतकी मोठी असते की त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. लहानाची रक्कम इतकी लहान असते की त्याच्या दारात जप्ती पाठवणे सोपे जाते. बड्याला वकील, हिशेबनीस आणि वेळ मिळतो. लहानाला तारीखसुद्धा नीट कळत नाही.

मी हे पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. जालना सोने का पालना, असे आपल्याकडे म्हणतात. त्या पाळण्याची दोरी ओढणाऱ्यांपैकी ते एक. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. एका पतसंस्थेच्या छोट्या कर्जाचे हप्ते थकले तेव्हा आमच्या मस्तगडच्या घरी आलेली नोटीस मीच वाचून दाखवली होती. त्या कागदात वडिलांना कर्जदार म्हटलेले नव्हते. थकबाकीदार म्हटलेले होते, तेही ठळक अक्षरांत. जामीनदार शेजाऱ्यालाही तशीच नोटीस गेली आणि चार दिवस वडील त्याच्या समोरून गेले नाहीत. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एका बड्या कंपनीच्या कर्जाची बातमी होती. बँकांनी त्यातला मोठा भाग सोडून दिला होता आणि त्या बातमीत थकबाकीदार हा शब्दच नव्हता. कर्जाची पुनर्रचना, असा गोड शब्द होता.

मग प्रेमचंदांना तुरुंगात टाकायला हवे होते काय? पुष्कळ विचार केल्यावर मला तसे वाटत नाही. ते तुरुंगात गेले असते तर बुडालेले पैसे परत आले नसते. त्यांनी पुन्हा धंदा केला, साधेपणाने राहिले आणि दानधर्म चालू ठेवला. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले तेव्हा मुंबई हळहळली. बुडालेल्या माणसाला उठण्याची संधी दिली तर तो उठू शकतो, हे त्यांच्या चरित्राने सिद्ध केले आहे. तक्रार आहे ती एवढीच की, ही संधी माणूस पाहून दिली गेली. शिवाय बँकेचा पैसा ज्यांनी बेफिकिरीने वाटला त्या कारभाऱ्यांना तरी जाब द्यावा लागायला हवा होता. आपत्ती आणि बेजबाबदारी यांत फरक आहे, आणि तो न्यायालयाने करायचा असतो.

शेतकऱ्याला ही सवलत मिळाली ती दंग्यानंतर. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्या कायद्याने थांबवले. कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली काम केले. पण तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे गोदेच्या या काठाला त्याची सावली पडली नाही. ज्याच्यापाशी खरोखरच काही नाही, अशा ऋणकोला केवळ पैसे न दिल्याबद्दल तुरुंगात टाकणे घटनेला धरून नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले ते १९८० साली. १८६५ पासून मोजले तर मध्ये ११५ वर्षे गेली.

प्रेमचंदांच्या चरित्रातून आपण विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? त्यांचा उद्योग घ्यावा, आईवरची भक्ती घ्यावी, विद्येसाठी हात सैल सोडण्याची वृत्ती घ्यावी. पण मनोरा पाहताना त्याच्या उंचीने डोळे दिपू देऊ नयेत. दान आणि देणे ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यातील बाकी फेडत नाही. आपल्यातील कोणी उद्या वकील होईल, कोणी बँकेत लागेल, कोणी न्यायाधीशाच्या खुर्चीवरही बसेल. तेव्हा समोर एखादा शेठ आला तर त्याला अवश्य मुदत द्यावी. मात्र त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या हमालालाही तीच मुदत, त्याच शब्दांत द्यावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा