विल्यम कॅरी आणि सेरामपूरची पहिली बाप्तिस्त मंडळी

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, हे आपणा सर्वांना ज्ञात आहेच. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, महाराष्ट्रापासून दूर बंगालमधील सेरामपूर येथे, १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापून प्रसिद्ध झाले. या कार्याचे प्रणेते बाप्तिस्त मिशनरी डॉ. विल्यम कॅरी होत.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात एका विणकराच्या घरी झाला. तरुणपणी जोडे शिवता शिवताच त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या. विश्वासाची कबुली दिलेल्यांनाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्तिस्त मंडळीत ते १७८३ मध्ये दाखल झाले आणि १७९३ मध्ये सहकुटुंब कलकत्त्यास आले.

पुढील सात वर्षे कठोर परीक्षेची ठरली. ईस्ट इंडिया कंपनीस मिशनरी नको होते. म्हणून कॅरी यांनी निळीच्या कारखान्यात नोकरी पत्करली. १७९४ मध्ये त्यांचा बालपुत्र पीटर दगावला. मायदेश सोडण्यास मुळातच नाखूश असलेल्या पत्नी डोरोथी यांचे मानसिक संतुलन ढळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. या कार्याची किंमत त्या माउलीनेही मोजली, याचे विस्मरण होऊ नये.

जानेवारी १८०० मध्ये कॅरी डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूरला आले. मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे मंडळी स्थापन केली. त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. मिशनच्या डॉ. थॉमस यांनी तो बसवला. या ओळखीतून कृष्ण पाल यांच्या मनात श्रद्धा रुजली. त्यांनी मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसून जातिबंधन तोडले. संतप्त जमावाने त्यांना अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले, तरी ते डगमगले नाहीत. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८०३ मध्ये त्यांच्या कन्येचा विवाह ब्राह्मण कुळातून मंडळीत आलेल्या तरुणाशी झाला.

१८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व शब्दकोश १८१० मध्ये प्रसिद्ध केला. १८१२ च्या आगीत छापखाना व अमूल्य हस्तलिखिते भस्मसात झाली. त्यांनी खचून न जाता पुन्हा आरंभ केला. ९ जून १८३४ रोजी त्यांनी सेरामपूर येथे देह ठेवला.

वसईपासून म्हसावदपर्यंत आपण आज मायबोलीत प्रार्थना करतो. सात वर्षे फळ न दिसताही पेरत राहिलेल्या या सेवकाचे आणि पंक्तीला बसण्याचे धैर्य दाखविणाऱ्या त्या सुताराचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.