फ्रेडरिक डग्लस : गुलाम आणि राजदूत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्या झटणाऱ्यांच्या अग्रभागी जो पुरुष उभा होता, तो स्वतःच एका मालकाच्या मालमत्तेत जन्मलेला होता. फ्रेडरिक डग्लस हे त्याचे नाव. आपल्या राष्ट्राचे घरातले पाप आणि बाहेरचे पाप या दोन्हींशी त्याची गाठ पडली, म्हणून त्याचे चरित्र आपल्या मुलाबाळांना सांगण्यासारखे आहे.

१८१८ च्या फेब्रुवारीत मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात त्यांचा जन्म झाला. मालकाच्या वहीत महिन्याची नोंद होती. पण आपली जन्मतारीख डग्लस यांना अखेरपर्यंत कळली नाही. बाप गोरा होता असे म्हणत. त्याचा उपयोग काय? गुलाम स्त्रीचे मूल गुलामच, असा कायदा होता. आई हॅरिएट दूरच्या शेतावर राबे आणि रात्री कित्येक मैल चालत येऊन मुलाला कुशीत घेऊन झोपवी, व उजाडण्यापूर्वी परते. अशा भेटी चार-पाचच झाल्या. मूल सात वर्षांचे असताना ती वारली.

आठव्या वर्षी फ्रेडरिकची रवानगी बाल्टिमोर शहरी ह्यू ऑल्ड याच्या घरी झाली. त्याची पत्नी सोफिया भली होती. तिने मुलाला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. नवऱ्याला हे समजताच त्याने शिकवणे बंद पाडले, कारण वाचू लागलेला मनुष्य गुलाम म्हणून निकामी होतो. शूद्राच्या कानी विद्या पडू नये म्हणणारे आपले स्मृतिकार आणि बाल्टिमोरचा हा गृहस्थ यांचे एकमत व्हावे, यात नवल ते काय! मुलाने मात्र नेमका बोध घेतला. खिशात भाकरीचे तुकडे घेऊन तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना गाठी आणि भाकरीच्या बदल्यात अक्षरे शिकून घेई.

पुढचा प्रसंग आपण नवदीक्षितांनी विशेष लक्षात घ्यावा. १८३२ साली फ्रेडरिकचा मालक थॉमस ऑल्ड एका मोठ्या धर्ममेळाव्यात गेला व तेथे नव्याने भक्तिमार्गी झाला. आता हा मवाळ होईल, कदाचित आपणांस मुक्तही करील, अशी आशा गुलामांना वाटली. घडले उलटे. तो सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणू लागला आणि हात भाजून पंगू झालेल्या एका तरुण स्त्रीला बांधून फटके मारताना शास्त्रवचनांचा आधार देऊ लागला. फ्रेडरिकने चालविलेली रविवारची शाळाही मालक व त्याचे धर्मबंधू यांनीच दंडुके घेऊन मोडली. मुखाने वचने म्हणणे निराळे आणि मैत्री-करुणा अंगी येणे निराळे. आपण २२ प्रतिज्ञा म्हणतो, तेव्हा हा मनुष्य आठवावा.

१८३४ साली त्यांना एडवर्ड कोवी नावाच्या, गुलामांची खोड मोडण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या शेतकऱ्याकडे ठेवण्यात आले. सहा महिने मार खाल्ल्यावर एके दिवशी सोळा वर्षांच्या या मुलाने त्याचा गळा धरला. पुढे कोवीने त्याच्यावर हात टाकला नाही. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, दुसऱ्याचे परवानापत्र खिशात घालून ते आगगाडीत बसले आणि एका दिवसात न्यूयॉर्कला पोहोचले. प्रवासासाठी मदत करणाऱ्या ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीशी त्यांचा तेथेच विवाह झाला. बेली हे जन्माचे आडनाव टाकून त्यांनी डग्लस हे घेतले. नाव बदलण्यात काय असते, हे आपल्यातील पुष्कळ घरांना सांगायला नको.

१८४५ साली त्यांनी आत्मचरित्र छापले व त्यामुळेच पकडले जाण्याचे भय निर्माण झाले. ते आयर्लंड-इंग्लंडला गेले. तेथील मित्रांनी १५० पौंड वर्गणी जमवून मालकाकडून त्यांना विकत घेऊन मुक्त केले. इकडे त्यांच्या देशाने १८४६ मध्ये मेक्सिकोवर स्वारी केली व १८४८ च्या तहाने त्या देशाचा जवळजवळ अर्धा मुलूख बळकावला. मेक्सिकोने १८२९ सालीच गुलामगिरी रद्द केली होती, हे ध्यानात ठेवावे. डग्लस यांनी आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पत्रातून या युद्धाचा कडक धिक्कार केला. घरी माणसांना फटके मारणारे हातच शेजाऱ्याची भूमी लुटतात आणि गुलामांचा बाजार वाढवतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. १८५२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या समारंभास त्यांना बोलाविले, तेव्हा हा उत्सव गुलामाचा कसा होऊ शकत नाही, हे त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितले.

यादवी युद्धात त्यांनी आपले दोन पुत्र सैन्यात धाडले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय त्या सैन्यात लढले. पगार मात्र बराच काळ गोऱ्यांहून कमी. १८६५ साली सुमारे ४० लक्ष माणसे मुक्त झाली.

येथे एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. १८७१ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना सांतो दोमिंगो हा बेटावरील देश अमेरिकेत सामील करून घ्यायचा होता. त्यासाठी गेलेल्या मंडळाबरोबर डग्लस होते आणि त्यांनी या बेताची बाजू घेतली. गुलामगिरी गेली, आता आपला झेंडा जेथे जाईल तेथे स्वातंत्र्य जाईल, असे त्यांना मनापासून वाटले. आम्हांस हे मत पटत नाही. परतीच्या वाटेवर बोटीच्या भोजनगृहात त्यांना काळे म्हणून पानावर बसू दिले नाही!

१८८९ साली त्यांची हैतीला राजदूत म्हणून नेमणूक झाली. त्याच बेटावरच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचे राज्य स्थापिले होते. अमेरिकेने त्या राज्याला मान्यता दिली ती १८६२ साली. तोवर आपले गुलाम तसे काही शिकतील ही धास्ती. आता अमेरिकेला तेथील मोल सेंट निकोलस हे बंदर आरमाराच्या कोळशासाठी हवे होते. १८९१ च्या जानेवारीत ॲडमिरल घेरार्डी युद्धनौका घेऊन आला व राजदूताला बाजूस सारून स्वतःच बोलणी करू लागला. आणखी जहाजे आली. हैतीचे परराष्ट्रमंत्री आंतेनोर फिर्मिन यांनी सर्व मानववंश समान आहेत हे सिद्ध करणारा ग्रंथ १८८५ साली लिहिलेला होता. त्यांनी एप्रिलमध्ये बंदर देण्यास साफ नकार दिला. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी खापर फोडले डग्लस यांच्यावर : काळा राजदूत काळ्यांना फितूर झाला! त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला व लेख लिहून, तोफा दाखवून दुबळ्या राष्ट्राकडून भूमी मागण्याची रीत उघडी पाडली.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना मानाची जागा नव्हती. हैतीने आपल्या मंडपाचे प्रमुखपण डग्लस यांना दिले. तेथेच बसून ते व आयडा वेल्स ही तरुण पत्रकार, दक्षिणेत जमाव काळ्यांना कसे झाडाला टांगतात, याची पत्रके वाटीत. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या हक्कांच्या सभेहून घरी परतल्यावर ते वॉशिंग्टन येथे निधन पावले. वीस वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकन सैनिक हैतीत उतरले. ते तेथून निघाले १९३४ मध्ये.